पाटीवरच्या ‘परभणी’तला ‘ण’ असाच का? वाचा जावजी दादाजींची गोष्ट

देवगाव फाट्यावर गाडीची वाट पाहताना ‘परभणी’ची पाटी दिसतेच. त्यातला ‘ण’ मात्र पूर्वी सगळीकडे असा नव्हता. उत्तर भारतातल्या जुन्या छपाईत अ, झ, ण यांचे वळण वेगळे असे. आज हिंदीतही रूढ झालेले वळण मुंबईचे. ते देशभर पोहोचवण्यात जावजी दादाजी चौधरी यांचा मोठा वाटा आहे.

कोण होते जावजी?

जन्म १८३९, मुंबई. घरची गरिबी, शिक्षण जेमतेम. लहानपणीच ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरे, घासायला लागले. पगार महिना २ रुपये. अक्षर कसे घडते, ते तिथेच शिकले.

‘निर्णयसागर’ कसे उभे राहिले?

१८६४ मध्ये त्यांनी खिळे ओतण्याचा स्वतःचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. सहकारी राणोजी रावजी आरू पोलादावर उलटे अक्षर कोरत. त्याचा ठसा तांब्यावर उठवून साचा तयार होई आणि साच्यात शिसे ओतून खिळे बनत.

वळण देशभर कसे गेले?

निर्णयसागरची सुबक, शुद्ध छपाईची संस्कृत पुस्तके देशभरातल्या पंडितांकडे गेली. १८८६ मध्ये ‘काव्यमाला’ सुरू झाली. पुस्तकांबरोबर अक्षरांचे वळणही गेले.

१८९२ मध्ये जावजींचे निधन झाले. आता पाटी पेंटर रंगवतो किंवा फ्लेक्सवाला संगणकावर करतो. दोघांच्याही ‘ण’चे वळण मात्र तेच, खिळे घासणाऱ्या त्या मुलाने पुढे देशभर नेलेले.