वाल्डेमार हाफकिन : आधी स्वतःला टोचून घेणारा माणूस

मोत माउलीच्या जत्रेला वांद्र्याला जाताना आपल्यापैकी अनेकांनी गल्लीच्या तोंडाशी उभे असलेले जुने दगडी क्रूस पाहिले असतील. कोणी तिथे मेणबत्ती लावते, कोणी हार घालते. त्यांतील बरेचसे क्रूस प्लेगच्या साथीत उभारलेले आहेत. माणसे पटापट मरत होती, औषध नव्हते आणि लोक संत सेबॅस्टियन व संत रॉक यांचा धावा करीत होते. त्याच दिवसांत भायखळ्याजवळच्या एका खोलीत एक परदेशी माणूस प्लेगवरची लस तयार करण्यासाठी रात्रंदिवस खपत होता. त्याची ओळख आम्ही आज करून देत आहोत. 2021 साली कोविडच्या लसीविषयी आपल्या घराघरांत जे प्रश्न विचारले गेले, तेच त्यालाही लोकांनी विचारले होते.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म 15 मार्च 1860 रोजी काळ्या समुद्रावरील ओडेसा या शहरात एका यहुदी कुटुंबात झाला. ते डॉक्टर नव्हते, प्राणिशास्त्रज्ञ होते. प्रख्यात शास्त्रज्ञ मेचनिकोव्ह यांचे ते विद्यार्थी. रशियात त्या काळी यहुदी माणसाला प्राध्यापकाची जागा हवी असेल तर राजमान्य ऑर्थोडॉक्स चर्चचा बाप्तिस्मा घ्यावा लागे. हाफकिन यांनी नकार दिला. नोकरीसाठी घेतलेल्या बाप्तिस्म्याची किंमत काय असते हे आम्हां ख्रिस्ती लोकांना कोणी सांगायला नको, म्हणून त्यांच्या नकाराबद्दल आम्हांला आदरच वाटतो. 1888 साली त्यांनी देश सोडला आणि जिनिव्हामार्गे ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत पोहोचले. तिथे जागा मिळाली ती ग्रंथपालाच्या मदतनिसाची! पुस्तके सांभाळून उरलेल्या वेळात ते पटकीच्या जंतूंवर काम करीत.

18 जुलै 1892 रोजी त्यांनी पटकीची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. ताप आला, उतरला. मग काही मित्रांनी टोचून घेतली. तरीही मोठमोठ्या शास्त्रज्ञांचा विश्वास बसेना. पटकी खरोखर असेल तिथेच लसीची परीक्षा होणार, म्हणून 1893 साली ते भारतात आले.

कलकत्त्याच्या एका बस्तीत 1894 साली पटकी आली. सुमारे 200 वस्तीपैकी 116 जणांनी लस घेतली. त्यानंतर तिथे जे दहा जण आजारी पडले ते सगळे लस न घेतलेल्यांपैकी होते. हाफकिन यांची पद्धत अशी असे की जबरदस्ती करायची नाही. एकाच वस्तीत, एकाच पाण्यावर राहणाऱ्यांपैकी कोणी घेतली व कोणी नाही याची नोंद ठेवायची आणि दोन्हीकडचे आकडे जाहीर करायचे. साधी वाटते खरी, पण त्या काळी लसीबाबत इतका काटेकोर हिशेब ठेवणारे फारसे कोणी नव्हते.

1896 च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात लोक तापाने मरू लागले. हा प्लेग आहे असे प्रथम ठामपणे सांगणारे डॉक्टर आपलेच, गोव्यातील हडफडे गावचे अकासियो व्हिएगस. शहरात प्लेग आहे ही बातमी बंदराच्या व्यापाराला परवडणारी नव्हती, त्यामुळे त्यांचे निदान सहजासहजी कोणी मान्य करीना. शेवटी तज्ज्ञांकडून तपासणी झाली आणि व्हिएगस यांचेच म्हणणे खरे ठरले. तपासणाऱ्यांत हाफकिन होते.

ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक लहानशी खोली, एक कारकून आणि तीन शिपाई मिळाले. तीन महिन्यांत लस तयार झाली. जंतू वाढवण्यासाठी मांसाचा अर्क लागे. हिंदूंना गाईचा व मुसलमानांना डुकराचा संशय येऊ नये म्हणून त्यांनी बोकडाचे मांस वापरले आणि वर तुपाचे थेंब सोडले. 10 जानेवारी 1897 रोजी, गाजावाजा न करता, कॉलेजच्या प्राचार्यांसमोर त्यांनी स्वतःला लस टोचून घेतली. पुढे लोकांना देत त्याहून ती मात्रा कितीतरी मोठी होती. दुखले, ताप आला, पण ते कामावर हजर राहिले.

त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. सुमारे निम्म्या कैद्यांनी स्वेच्छेने लस घेतली. न घेतलेल्यांपैकी 12 जणांना प्लेग झाला व 6 दगावले; घेतलेल्यांपैकी दोघांना झाला आणि दोघेही वाचले. त्याच वर्षी पोर्तुगीजांच्या दमणमध्ये मोठी साथ आली. लस न घेतलेल्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा मेला, घेतलेल्यांत शंभरी दोनही नाहीत.

तरी लोक घाबरत होते, आणि त्यांना अडाणी म्हणून मोकळे होणे आम्हांला पटत नाही. गोरे शिपाई घरात घुसत होते, आजाऱ्यांना ओढून नेत होते. चिडलेल्या गिरणी कामगारांनी 1896 च्या ऑक्टोबरात आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. अशा सरकारच्या हातातील सुईवर कोणी विश्वास ठेवावा? लोकांचे मन वळले ते आपल्या माणसांकडे पाहून. तरुण आगाखानांनी खोजा समाजासमोर स्वतः लस टोचून घेतली, तेव्हा त्यांचे हजारो अनुयायी पुढे आले. डॉ. व्हिएगस यांनी तर सुमारे 18 हजार लोकांना स्वतःच्या हाताने लस टोचली.

शास्त्रज्ञांतही वाद होता. 1898 साली नेमलेल्या प्लेग आयोगाने लसीमुळे लागण व मृत्यू कमी होतात हे मान्य केले, पण ती पूर्ण संरक्षण देत नाही आणि हाफकिन यांच्या हिशेबात उणिवा आहेत, असेही बजावले. हा वाद उघडपणे झाला व त्यातून लसीचे भलेच झाले.

नुकसान केले ते बंद दाराआडच्या चौकशीने. 30 ऑक्टोबर 1902 रोजी पंजाबातील मुल्कोवाल गावी, जे आता पाकिस्तानात आहे, 107 जणांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी 19 जण धनुर्वाताने मेले. ते सर्व एकाच बाटलीतील लस घेतलेले होते. एकोणीस घरांतले एकोणीस जीव, तेही प्लेगपासून वाचण्यासाठी विश्वासाने हात पुढे करणारे. चौकशी आयोगाने दोष परळच्या प्रयोगशाळेवर ठेवला आणि हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आले. त्यांनी लसीत कार्बोलिक घालण्याऐवजी उष्णतेने जंतू मारण्याची पद्धत सुरू केली होती, तेही त्यांच्याविरुद्ध गेले. पुरावा मात्र सरकारने वर्षानुवर्षे प्रसिद्ध केला नाही.

1906 च्या अखेरीस कागद बाहेर आले तेव्हा त्यात भलतेच निघाले. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. बाटली परळला भरून 41 दिवस झाले होते. धनुर्वाताचे जंतू तेव्हाच आत गेले असते तर लसीला घाण वास आला असता. उघडताना तिचा वास घेतला होता व तसा काही आला नव्हता. मलेरिया डासांमार्फत पसरतो याचा शोध लावणारे रोनाल्ड रॉस यांनी लंडनच्या टाइम्समध्ये हा विषय लावून धरला. 1907 च्या जुलैत दहा नामवंत शास्त्रज्ञांनी सही करून पत्र दिले आणि नोव्हेंबरात हाफकिन निर्दोष ठरले. त्यात त्यांची पाच वर्षे गेली. परत कलकत्त्याला नेमणूक मिळाली, पण माणसांवर लसीचे नवे प्रयोग करण्याची परवानगी मिळाली नाही. ते फक्त लिहीत राहिले आणि पहिल्या महायुद्धाच्या सुमारास निवृत्त होऊन युरोपला गेले.

ते अविवाहित होते. उत्तरायुष्यात त्यांनी आपल्या यहुदी धर्माचे आचार निष्ठेने पाळले व सारी बचत धर्मशिक्षणाच्या पाठशाळांसाठी ठेवली. 26 ऑक्टोबर 1930 रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.

त्याआधी पाच वर्षे, 1925 साली, परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले. तोवर मुंबईहून 2 कोटी 60 लाख मात्रा रवाना झाल्या होत्या. हाफकिन संस्थेची ती इमारत मुंबईच्या गव्हर्नरांचा जुना बंगला आहे, आणि त्याही आधी, पोर्तुगीज काळात, त्या जागी आपले चर्च व मठ होता.