पेंढीसारखी बांधलेली इमारत

आमच्या मराठवाड्यात घर भक्कम म्हणजे जड, असाच समज. नांदेडचा जुना वाडा घ्या किंवा लातूरकडचे खेडे. दोन-अडीच फूट रुंदीच्या दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचे माळवद. हा समज मला सोडायला लावणारा माणूस ढाक्याचा. त्याचे नाव फजलूर रहमान खान.

जन्म 3 एप्रिल 1929 चा, वडील गणिताचे शिक्षक. स्थापत्य अभियांत्रिकीसाठी फजलूर कलकत्त्याजवळच्या शिबपूरला गेले. 1950 च्या दंगलींमुळे शिक्षण ढाक्यात पुरे करावे लागले. 1952 मध्ये शिष्यवृत्तीवर अमेरिकेत गेले आणि तीन वर्षांत डॉक्टरेट घेऊन शिकागोच्या एका नामांकित वास्तुसंस्थेत रुजू झाले.

फार उंच इमारतीला वजनापेक्षा वाऱ्याची भीती अधिक. वारा ढकलतो, इमारत डोलते. त्यासाठी आत लोखंड वाढवत नेले, तर खर्च आवाक्याबाहेर जातो. फजलूर यांनी खांब बाहेरच्या कडांना नेले आणि सारी इमारतच एक पोकळ नळी केली. शंभर मजली जॉन हॅनकॉक सेंटरला दर चौरस मीटरला 145 किलो पोलाद पुरले. जुन्या एम्पायर स्टेट बिल्डिंगला 206 किलो लागले होते.

पुढे सिअर्स टॉवरसाठी त्यांनी नऊ चौकोनी नळ्या एकत्र बांधल्या. कडब्याचे एक ताट सहज वाकते, पेंढी वाकत नाही, तसेच हे. काही नळ्या पन्नासाव्या, काही सहासष्टाव्या, काही नव्वदाव्या मजल्यावर थांबतात. दोनच 110 व्या मजल्यापर्यंत जातात. 442 मीटरची ही इमारत 1998 पर्यंत जगात सर्वांत उंच गणली गेली.

यशात ते मायभूमी विसरले नाहीत. 1971 च्या बांगलादेश मुक्तिसंग्रामात त्यांनी शिकागोत मदतकार्य उभे केले. 27 मार्च 1982 रोजी जेद्दाह येथे त्यांचे निधन झाले, अवघ्या 52 व्या वर्षी.

त्यानंतर अकरा वर्षांनी, 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, किल्लारी परिसरात सुमारे आठ हजार माणसे गेली. भिंती जाडच होत्या. पण आतला दगड बाहेरच्या दगडात गुंतलेला नव्हता. पुढच्या बांधकामांत भिंतींना काँक्रीटचे आडवे पट्टे आले, ते घर चहूबाजूंनी बांधून ठेवण्यासाठी. शिकागोत प्रश्न वाऱ्याचा, आपल्याकडे धरणीकंपाचा. तरी धडा एकच. आज नांदेड-लातुरात फ्लॅट घेताना आपण फरशी आणि रंग पाहतो. खांब-तुळयांची जोडणी कशी आहे, हे विचारणारा मला क्वचितच भेटतो. तो प्रश्न आधी विचारावा, एवढेच या चरित्रातून मी घेतले.