फुकुझावा युकिची

जपानची दारे परकीयांस जवळजवळ बंद असताना, १८३५ साली, ओसाका येथे एका कनिष्ठ सामुराई कुटुंबात फुकुझावांचा जन्म झाला. बालपणीच पितृछत्र हरपले. मोठ्या कष्टाने ते डच भाषा शिकले. पण १८५९ साली योकोहामा बंदरात जाऊन पाहतात, तो तेथे व्यवहार इंग्रजीचा! खचून न जाता त्यांनी इंग्रजीचा श्रीगणेशा केला. १८६० मध्ये अमेरिका व १८६२ मध्ये युरोप पाहिला. १८६८ साली एदो नगरात तोफा धडाडत असताही त्यांनी शाळेतील पाठ थांबविला नाही; त्याच शाळेचे पुढे केइओ विद्यापीठ झाले. जन्माने नव्हे, विद्येने मनुष्य थोर होतो, हे देशबांधवांस शिकवीत १९०१ मध्ये ते निवर्तले. शिकलेले अपुरे ठरताच हताश होणाऱ्या आम्हांस त्यांच्यापासून पाटी पुसून पुन्हा गिरविण्याचे धैर्य घेता येईल.