कल्याणच्या यमुनेची इंग्रजी

जून महिना जवळ आला की ठाणे, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यातल्या घराघरांतून एकच विषय निघतो. मुलाला कुठल्या माध्यमात घालायचे, इंग्रजीची शिकवणी कुणाकडे लावायची, व्याकरण पाठ होते पण चार वाक्ये बोलता का येत नाहीत? शिकवणीची फी वेळेवर भरली जाते, वह्या भरतात, गुणही मिळतात. भाषा मात्र दाराबाहेरच उभी राहते. परकी भाषा माणसाला येते ती कशामुळे? धाकामुळे, पुस्तकांमुळे, की आणखी कशामुळे? या प्रश्नाचे उत्तर शोधायला फार लांब जायला नको. ते कल्याणच्याच एका मुलीच्या आयुष्यात सापडते. तिला आपण डॉ. आनंदीबाई जोशी म्हणून ओळखतो. पहिली महिला डॉक्टर एवढीच तिची ओळख शाळेच्या पुस्तकात राहिली. ती किती चिवट विद्यार्थिनी होती, हे मात्र आपण विसरलो.

तिचा जन्म ३१ मार्च १८६५चा. माहेरचे नाव यमुना. वडील गणपतराव जोशी कल्याणचे. घराणे एकेकाळी सुस्थितीतले, पण आता उतरती कळा लागलेले. बोरीबंदरहून सुटणारी आगगाडी कल्याणला येऊन दहा-अकरा वर्षे झाली होती. गावात सार्वजनिक वाचनालय १८६४ सालीच, म्हणजे यमुनेच्या जन्माच्या आदल्या वर्षी निघाले होते. पुस्तके गावात आली होती, पण ती मुलींसाठी नव्हती. बाईने अक्षर गिरवले तर घरावर संकट येते, असे मानणाऱ्या म्हाताऱ्या घरोघर होत्या.

नवव्या वर्षी, १८७४ साली, यमुनेचे लग्न झाले. नवरा गोपाळराव जोशी पोस्टात कारकून, बिजवर, वयाने जवळजवळ वीस वर्षांनी मोठा. त्याने लग्नाला अट घातली ती हुंड्याची नव्हे, बायकोला शिकवू देण्याची. यमुनेची आनंदी झाली आणि तिची शिकवणी सुरू झाली.

या शिकवणीचे गोडवे आपल्याकडे पुष्कळ गायले गेले. पण तिची दुसरी बाजू झाकून ठेवण्यात अर्थ नाही. गोपाळराव विक्षिप्त आणि संतापी होते. अभ्यास टाकून मुलगी स्वयंपाकघरात रमली की मार बसे. पुढे अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेल्या एका पत्रात आनंदीबाईंनी त्या माराची आठवण स्पष्ट शब्दांत करून दिली आहे. मारही विसरल्या नाहीत आणि शिकवल्याचे ऋणही नाकारले नाही. दोन्ही गोष्टी एकाच मनात राहत होत्या. तेव्हा धाकाने विद्या येते, याचा दाखला म्हणून या बाईचे नाव कुणी घेऊ नये. धाकाने ती धडे पाठ करीत होती. भाषा तिला पुढे आली, आणि ती वेगळ्या कारणाने आली.

गोपाळरावांच्या बदल्या सतत होत. अलिबाग, मुंबई, कोल्हापूर, भूज, कलकत्ता, श्रीरामपूर. मी सारी हयात बँकेत काढली. बदलीचा कागद हाती पडला की घरात काय होते, ते आम्हा नोकरदारांना सांगायला नको. मुलांची शाळा तुटते, पुस्तके बदलतात, मैत्रिणी सुटतात. आनंदीबाईंची शाळा तर धड जमलीच नाही. मुंबईत मिशनच्या शाळेत जाताना रस्त्यावर लोक टोमणे मारीत. कलकत्त्यात नवऱ्याबरोबर पायी चालणारी बाई म्हणून लोक थांबून बघत. म्हणून अभ्यास घरातच व्हायचा. रोजचा धडा, रोजचे वाचन, रोजचे लेखन. गाव बदलले तरी हा नेम बदलला नाही. मराठी पक्की झाली, संस्कृत आली, इंग्रजी येऊ लागली.

याच काळात एक घाव बसला. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला आणि अवघ्या दहा दिवसांत गेला. वेळेवर नीट औषधोपचार मिळाले नाहीत. पुरुष डॉक्टरपुढे जायला बायका लाजत आणि बाई डॉक्टर कुठे नव्हतीच. आपणच डॉक्टर व्हावे, हे तिच्या मनाने तेव्हा घेतले. इतके दिवस नवऱ्याची असलेली हौस आता तिची स्वतःची गरज झाली. माझ्या मते तिच्या शिक्षणाला खरी सुरुवात इथे झाली.

आणि मग ती पत्रे सुरू झाली. गोपाळरावांनी १८७८ साली वाइल्डर नावाच्या मिशनऱ्याला पत्र लिहून अमेरिकेत बायकोच्या शिक्षणाची आणि आपल्या नोकरीची सोय होईल का, असे विचारले होते. वाइल्डरसाहेबांनी त्यांना धर्म बदलण्याचा सल्ला दिला आणि तो पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापून टाकला. काम तिथेच संपायचे. पण न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाई १८८० साली दाताच्या डॉक्टरकडे गेल्या असताना तो अंक त्यांच्या हाती पडला. कुठल्या कोण परक्या मुलीची शिकण्याची तळमळ त्यांना भिडली आणि त्यांनी सरळ पत्र टाकले.

आनंदीबाईंनी उत्तर लिहिले, इंग्रजीतून. मग पत्रांची रीघ लागली. कार्पेंटरबाई मावशी झाल्या. आपले सण, व्रते, जेवणखाण, बालविवाह, बायकांची दुखणी, सारे काही या मावशीला सांगायचे होते. धड्यातल्या वाक्याला वाचणारा कुणी नसतो. इथे समुद्रापलीकडे एक बाई पत्राची वाट बघत होती. मंगळागौर म्हणजे काय, सोवळे म्हणजे काय, हे ज्या भाषेत त्यांना शब्दच नाहीत त्या भाषेत समजावून सांगायचे, म्हणजे केवढी कसरत! त्या कसरतीनेच भाषा हाताखाली आली. पाठांतराने जे साधले नव्हते, ते मनातले सांगण्याच्या ओढीने साधले.

त्याची परीक्षा २४ फेब्रुवारी १८८३ रोजी झाली. ब्राह्मणाची बायको एकटी परदेशी निघाली म्हणून चोहीकडून टीका होत होती. तेव्हा श्रीरामपूरच्या कॉलेजात आनंदीबाई भाषणाला उभ्या राहिल्या. वय पुरते अठराही नव्हते. लोक पाठीमागे जे विचारीत होते ते प्रश्न त्यांनी स्वतःच एकेक करून मांडले. अमेरिकेलाच का? एकटीच का? परतल्यावर वाळीत टाकले तर? आणि प्रत्येकाला इंग्रजीतून शांतपणे उत्तर दिले. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असा त्यांचा निर्धार होता. भाषणाची बातमी पसरली आणि देणग्या येऊ लागल्या. व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांनी २०० रुपये पाठवले. आनंदीबाईंनी आपल्या सोन्याच्या बांगड्याही विकल्या.

७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. मावशी घ्यायला आल्या होत्या. त्या वर्षी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात त्यांना प्रवेश मिळाला. कडाक्याची थंडी, लुगडे सोडायचे नाही, मांस खायचे नाही, आणि मुक्कामाच्या खोलीतली शेगडी धूर ओकणारी. प्रकृती ढासळत गेली, अभ्यास थांबला नाही. डॉक्टरकीच्या पदवीसाठी त्यांनी प्रबंध लिहिला तो प्राचीन हिंदू प्रसूतिशास्त्रावर. लहानपणी घोकलेली संस्कृत आणि पत्रांतून कमावलेली इंग्रजी, दोन्ही तिथे एकत्र आल्या. नवे शिकताना जुने टाकावे लागते, अशी समजूत असलेल्यांनी हा प्रबंध आठवावा.

११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळाली. समारंभाला गोपाळराव होते, पंडिता रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून आल्या होत्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात नेमणूकही झाली. पण क्षयाने पोखरलेले शरीर घेऊनच आनंदीबाई परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांनी डोळे मिटले. बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. ज्या कामासाठी एवढे शिकल्या, ते काम करायला मिळालेच नाही.

त्यांचे चरित्र मराठीत लिहिले ते काशीबाई कानिटकरांनी, ज्यांनी स्वतः लग्नानंतर अक्षरे गिरवली होती. पुढे १९६८ साली श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी आली आणि हे जोडपे घरोघर पोहोचले. शुक्रावरच्या एका विवरालाही आनंदीबाईंचे नाव आहे.

मुलांना भाषा यावी म्हणून आपण काय काय करतो! शिकवण्या लावतो, शब्दकोश आणतो, शेजारच्या मुलाशी तुलना करतो. त्यातली तुलना सोडून बाकीचे चालू द्यावे. पण एखादा मामेभाऊ परगावी असेल, आजी गावाकडे असेल, तर तिला चार ओळी लिहायला सांगावे आणि उत्तर येईल अशी व्यवस्था करावी. ज्याला काही सांगायचे आहे आणि ज्याचे कुणी ऐकणार आहे, त्याला भाषा सापडते.

आनंदीबाईंच्या अस्थी गोपाळरावांनी अमेरिकेला पाठवल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पुकीप्सी गावच्या दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत त्या ठेवल्या आहेत. कल्याणची यमुना आपल्या मावशीच्या घरच्या माणसांत विसावली आहे.