विल्यम कूपर : ऑस्ट्रेलियातील आदिवासींचा कैवारी

विल्यम कूपर ह्यांचा जन्म सन १८६० च्या सुमारास ऑस्ट्रेलियात, मरे नदीकाठच्या योर्टा योर्टा नामक आदिवासी जातीत झाला. गोऱ्या वसाहतवाल्यांनी त्या लोकांच्या जमिनी घेतल्या होत्या. त्यामुळे कूपर ह्यांस लहानपणापासून परक्यांच्या कुरणांवर मजुरी करावी लागली. मेंढ्यांची लोकर कातरणे, गुरे हाकणे, घोडे वठणीवर आणणे अशी कामे ते करीत. मलोगा येथील मिशनात ते लिहावयास वाचावयास शिकले, आणि सन १८८४ त तेथेच त्यांनी आपले अंतःकरण प्रभूस वाहिले. तेथील शिक्षक टॉमस जेम्स हे मॉरिशस बेटात हिंदी आईबापांच्या पोटी जन्मलेले होते. पुढे ते कूपर ह्यांचे मेहुणे झाले.

कूपर ह्यांचा पुत्र डॅनियल सन १९१७ त त्याच देशाच्या सैन्यात लढत असता बेल्जममध्ये पडला. तथापि सरकारी राखीव वस्तीत राहणाऱ्या आदिवासी वृद्धांस पेन्शन मिळत नसे. म्हणून सत्तरी उलटल्यावर कूपर मेलबर्न शहरानजीक फुटस्क्रे येथे येऊन राहिले. त्या तुटपुंज्या पेन्शनीवर त्यांनी आपले कार्य आरंभिले. आपली जात नष्ट होऊ नये व पार्लमेंटात आपला प्रतिनिधि असावा, असा बादशहास अर्ज लिहून त्यांनी त्यावर १,८१४ सह्या मिळविल्या. परंतु सन १९३८ त मंत्रिमंडळाने तो पुढे न पाठविण्याचे ठरविले. त्याच वर्षी २६ जानेवारीस गोरे लोक वसाहतीच्या दीडशे वर्षांचा उत्सव करीत असता, कूपर व त्यांच्या सोबत्यांनी सिडनी येथे शोकदिन पाळला.

त्या वर्षीच्या नोव्हेंबरात जर्मनीत यहूद्यांची सभास्थाने जाळण्यात आली व दुकाने फोडण्यात आली. कूपर ह्यांस स्वतः न्याय मिळाला नव्हता. तरी ६ डिसेंबर रोजी त्यांच्या संघाचे शिष्टमंडळ निषेधपत्र घेऊन मेलबर्नच्या जर्मन वकिलातीत गेले. वकिलाने ते स्वीकारले नाही.

आदिवासींकरिता वर्षातून एक रविवार पाळावा, ही त्यांची विनंती मंडळ्यांनी मान्य केली, व १९४० पासून तो पाळला जाऊ लागला. २९ मार्च १९४१ रोजी कूपर निवर्तले. देशाच्या शिरगणतीतून आदिवासींस वगळणारे कलम १९६७ साली लोकमताने रद्द झाले.

वाचकहो, आपल्यावरील अन्यायाचे दुःख पुष्कळांस कळते. त्या दुःखामुळे शेजाऱ्याचे रडणे ज्यास अधिक स्पष्ट ऐकू येते, असा मनुष्य विरळा. कूपर तसे होते.