डॉ. सॉलोमन बर्सन
न्यूयॉर्कमध्ये १९१८ साली जन्मलेले डॉ. बर्सन १९५० मध्ये तेथील माजी सैनिकांच्या रुग्णालयात रोझालिन यॅलो ह्यांच्यासह संशोधन करू लागले. इन्सुलिनला किरणोत्सर्गी आयोडीनची खूण जोडून त्यांनी ते रुग्णांना टोचले. पूर्वी इन्सुलिन घेतलेल्यांच्या रक्तात ते अधिक वेळ टिकले. कारण शरीराने त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार केली होती. तज्ज्ञांना हे पटेना. लेख परत आला. शीर्षकातला तो शब्द गाळल्यावरच १९५६ मध्ये छापला गेला. ह्यातूनच रक्तातील अत्यल्प इन्सुलिन मोजण्याची रीत निघाली. दोघांनी तिचे पेटंट घेतले नाही.

१९७२ मध्ये बर्सन वारले. १९७७ चे नोबेल पारितोषिक यॅलोंना मिळाले. मृतांना ते देत नाहीत. परंतु आपल्या लेखांवर बर्सन ह्यांचे नाव राहावे म्हणून यॅलोंनी प्रयोगशाळेलाच ते देवविले होते. सोबत्याचे श्रेय त्याच्यामागेही जपावे, हे मुलांना सांगताना आम्हांस ही दोघे आठवतात.