खुर्चीविना महापौर

बर्लिनच्या नगरसभेने २४ जून १९४७ रोजी अर्न्स्ट रॉयटर यांची महापौरपदी निवड केली, पण त्या खुर्चीवर त्यांना बसता आले नाही. पराभूत शहराचा ताबा चार विजेत्या राष्ट्रांकडे होता आणि सोव्हिएत अधिकाऱ्यांनी या निवडीस संमती नाकारली. त्यांच्याच सोशल डेमोक्रॅटिक पक्षाच्या लुईझ श्रोडर यांनी हंगामी महापौर म्हणून कारभार सांभाळला.

हा राग परक्यावरचा नव्हता, घर सोडून गेलेल्यावरचा होता. १८८९ साली जन्मलेले रॉयटर पहिल्या महायुद्धात रशियाच्या कैदेत सापडले, तेथेच बोल्शेविक झाले आणि नव्या सोव्हिएत सरकारसाठी त्यांनी व्होल्गाकाठच्या जर्मन वस्त्यांचा कारभार पाहिला. १९२१ मध्ये ते जर्मन कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस होते. मॉस्कोच्या तंत्राने चालणे मात्र त्यांना मानवले नाही. पुढच्याच वर्षी पक्षाने त्यांना काढून टाकले.

खरे तर त्यांचा पिंड नगर-कारभाऱ्याचा. ट्राम, बस आणि भुयारी रेल्वे एका छत्राखाली आणणारी बर्लिनची वाहतूक संस्था उभी राहिली ती त्यांच्याच पुढाकाराने. नाझींनी त्यांना मॅग्डेबुर्गच्या महापौरपदावरून हटवून छळछावणीत डांबले. पुढे तुर्कस्तानात अंकारा येथे नगररचना शिकवीत त्यांनी अकरा वर्षे काढली आणि १९४६ च्या अखेरीस ते उद्ध्वस्त बर्लिनमध्ये परतले.

त्या निवडीला बरोबर एक वर्ष झाले, त्याच दिवशी पश्चिम बर्लिनचे रस्ते, रेल्वे आणि जलमार्ग सोव्हिएत फौजांनी रोखले. वीस लाखांहून अधिक लोकांचे अन्न आणि कोळसा आता विमानांतून यायचा होता. हे शहर राखण्याजोगे आहे, याची खात्री पाश्चात्त्य राष्ट्रांनाही तेव्हा नव्हती. अधिकाराविना असलेल्या या महापौराने ती पटवण्याचे काम अंगावर घेतले. ९ सप्टेंबर १९४८ रोजी जळक्या राइशटागसमोर जमलेल्या सुमारे तीन लाख बर्लिनकरांसमोर उभे राहून, या शहराला वाऱ्यावर सोडू नका, असे आवाहन त्यांनी साऱ्या जगाला केले. डिसेंबरमधील निवडणुकीत त्यांच्या पक्षाला जवळजवळ दोन-तृतीयांश मते पडली. रॉयटर अखेर महापौर झाले, पण दुभंगलेल्या शहराच्या अर्ध्या भागाचे!

नाकेबंदी १२ मे १९४९ रोजी उठली. अमेरिकेचे हस्तक, ही टीका त्यांना शेवटपर्यंत ऐकावी लागली. समाजवादावरील निष्ठा मात्र त्यांनी कधी लपवली नाही. २९ सप्टेंबर १९५३ रोजी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. परत न आलेल्या युद्धकैद्यांच्या आठवणीसाठी नाताळात खिडकीत मेणबत्ती लावा, असे त्यांनी पूर्वी बर्लिनकरांना सुचवले होते. त्या रात्री खिडक्याखिडक्यांत मेणबत्त्या लागल्या, त्या रॉयटर यांच्यासाठी.